जानव्याची किल्ली

मोटार विम्याच्या दाव्यांचा सर्व्हे करणं हा माझा व्यवसाय. गाडी चेपली की मालक आधी शेवटचा क्षण सांगतो: समोरून टेम्पो आला, ब्रेक दाबला, लागला नाही. तो ऐकून घ्यायचा आणि मग विचारायचं, सकाळी गाडी बाहेर कुणी काढली, चाकांत हवा कुणी भरली, मागच्या सीटवर काय होतं. लोक घटना शेवटाकडून सांगतात, आम्हाला ती सुरुवातीपासून लिहावी लागते. पुढचा घटनाक्रम माझ्याकडे कुणी मागितलेला नाही. पॉलिसी नाही, दावा नाही, आणि सगळे पक्षकार घरचेच असल्यामुळे फीसुद्धा नाही.

प्रवास: डोंबिवली ते कुडाळ, मे महिना, ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या. प्रयोजन: गावी पणजीला पणती दाखवणे आणि देवीची ओटी भरणे. प्रवासी: आई, बाबा, दादा, वहिनी, मी आणि आठ महिन्यांच्या बाईसाहेब. चौघांची तिकिटं थ्री-टायर एसीची. बाबा स्लीपरमध्ये, कारण त्यांना एसी सोसत नाही आणि तोंडावर वारा आल्याशिवाय आपण कोकणात चाललोय असं त्यांना वाटत नाही. अनर्थाची वेळ: शनिवार, पहाटे सव्वाचार. जीवितहानी नाही.

शुक्रवार, सकाळी ६:१५ (उरले २२ तास)

इथपासून संध्याकाळपर्यंतचं सगळं जबाबांवरून लिहिते आहे. सोबत वहिनीच्या मोबाइलमधले फोटो आहेत, त्यांना मी जबाबांपेक्षा जास्त मानते.

पहिल्या फोटोत दिवाण दिसतो आणि दिवाणावर ओळीनं मांडलेल्या झिपच्या पारदर्शक पिशव्या. फडके रोडवरून आणलेल्या. वहिनी त्यांना पुडे म्हणते. एक पुडा म्हणजे एक प्रसंग. 'शी'च्या पुड्यात एक डायपर, वेट वाइप्सचं छोटं पाकीट, घडी घातलेलं मेणकापड, एक झबलं, एक चड्डी आणि घाण कपडे कोंबायला रिकामी पिशवी. पिशवी उघडली की आधी मेणकापड हाताला लागलं पाहिजे, कारण बाळाला आडवं करायच्या आधी तेच पसरायचं असतं. मग वाइप्स, मग डायपर, कपडे सगळ्यांत खाली. आदल्या रात्री तिनं बाथरूमचा दिवा बंद करून एक पुडा उघडून पाहिला होता, अंधारात जमतंय का ते. जमलं होतं.

'भुके'चा पुडा वेगळा. अंगावरचं दूध असतंच, पण नोकरी पुन्हा सुरू झाल्यापासून एक वेळ वरचं दूध लागतं. त्याची पावडर तीन कप्प्यांच्या डबीत मापून घेतलेली, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, आणि दोघांची गाठ आयत्या वेळीच घालायची. घरून दूध कालवून बाटली भरून न्यावी असं ज्याला-त्याला वाटतं. पण ती पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी निदान ७० अंश गरम लागतं, मग बाटली गार पाण्यात धरून निववायची, आणि कालवलेलं दूध दोन तासांत संपवायचं किंवा ओतून द्यायचं. मेमधल्या फलाटावर तर दोन तासही जास्तच. 'झोपे'च्या पुड्यात एक दुपटं, मुद्दाम न धुतलेलं, घराचा वास राहावा म्हणून. 'तापा'च्या पुड्यात थर्मामीटर आणि पॅरासिटामॉलचे थेंब, ड्रॉपर रबर बँडनं बाटलीलाच बांधलेला. हे शहाणपणाचं होतं. थेंबांच्या बाटलीत एका मिलीला १०० मिलिग्रॅम औषध असतं, आणि त्याच औषधाच्या सिरपमध्ये पाच मिलीला १२५ किंवा २५०. एकाचं माप दुसऱ्याला लावलं की गडबड ठरलेली.

शीचे पुडे सहा. तीन तासांना एक असा हिशोब, आणि वर निम्मे जास्तीचे. त्यांतले तीन वहिनीच्या खांद्यावरच्या पर्समध्ये, तीन बॅगेत. पर्स खांद्यावरून उतरणार नाही, हे गृहीत.

मी धंद्यात पुष्कळ बेफिकीर माणसं पाहते, म्हणून सांगते: सकाळी सव्वासहाला या घरात काहीही चुकलेलं नव्हतं.

सकाळी ९:१५ (उरले १९ तास)

आईचा प्रवेश, हातात सहाण.

आईच्या मते बाळगुटीशिवाय बाळ गावी नेणं म्हणजे त्याला उघड्यावर टाकणं. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड, बदाम, खारीक यांची पुरचुंडी, आणि ती उगाळायला सहाण. मधाची बाटलीही होती. मधावरून वहिनीनं पहिल्यांदाच आवाज चढवला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि इतक्या लहान आतड्यात ते रुजतात, हे डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलेलं. आईचं उत्तर तयार होतं: "तुझ्या नवऱ्याला चाटवलाय मी, बघ कसा उभा आहे तो." तासाभराच्या वाटाघाटींनंतर मध घरी राहिला आणि सहाण बरोबर निघाली. तह म्हटला की कुणीतरी दगड उचलतंच.

याच तहाच्या वेळी आई म्हणाली, "तुम्हा दोघांना एसटीनं नेलं मी. एका पिशवीत मावायचं सगळं." हे वाक्य आमच्या घरात वरचेवर निघतं आणि ते खरंही आहे. मुंबईपासून थेट कोकण उतरून जाणारी रेल्वे पूर्ण झाली जानेवारी १९९८ मध्ये. त्याआधी रात्रभराची एसटी. पण त्या पिशवीत बाटली नव्हती, पावडर नव्हती, डायपर नव्हते. जुन्या धोतराचे लंगोट होते आणि दर डेपोच्या नळावर ते पिळून खिडकीच्या गजाला बांधले जायचे. उरलेलं सगळं सामान म्हणजे स्वतः आई होती. तिला नोकरी नव्हती, तिला रात्रभर झोपायचं नव्हतं, आणि तिला झोप लागली असती तर काय झालं असतं हे तिला कुणी विचारलेलं नाही.

दुपारी २:१५ (उरले १४ तास)

बाईसाहेब झोपल्या. पहाटे चारपासून उठलेली वहिनीही त्यांच्या कुशीत झोपली. बाळ झोपलं की आईनं झोपावं, हा सल्ला सगळे देतात, आणि तिनं तो नेमका त्या दिवशी ऐकला.

दादा अर्धी रजा टाकून घरी आला. दादा एका मोठ्या गोदामाचं नियोजन बघतो. त्याच्या हातात तीन नव्या गोष्टी होत्या: बॅगेत ठेवायचे कापडी चौकोनी कप्पे, हवा ओढून कपडे दाबायच्या व्हॅक्यूमच्या पिशव्या, आणि बॅग लटकवून वजन करायचा काटा. दिवाणावरचे पुडे पाहून त्याला वाईट वाटलं. हा त्याचाच शब्द. सहा ठिकाणी सहा डायपर, सहा ठिकाणी सहा झबली! गोदामात हे कुणी केलं असतं तर त्यानं त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं असतं.

म्हणून त्यानं मदत केली. पुडे सोडले, जात लावली. झबली झबल्यांत, वाइप्स वाइप्समध्ये, धारदार ते एका कप्प्यात, औषधं औषधांत. गावासाठी घेतलेल्या गठ्ठ्यातले आणि पुड्यांतले सगळे डायपर एका व्हॅक्यूमच्या पिशवीत, हवा ओढल्यावर पापडाइतके चपटे. ती पिशवी करड्या बॅगेत, तळाशी. जागा निम्मी वाचली. वाचलेल्या जागेचाही त्यानं फोटो काढला आहे, तो माझ्याकडे आहे. पर्ससुद्धा त्यानं नव्यानं लावली. मऊ वस्तू हातात धरायचं कारण काय? हातात फुटणारं आणि महागाचं. तीन पुडे बाहेर आले. आत गेले पॉवर बँक, चार्जर, थर्मामीटर, बाळाला झोपवताना पावसाचा आवाज काढणारं यंत्र, आणि आईची सहाण, कारण दगड असला तरी तो फुटतो.

दादाची बाजू मांडणं माझं काम आहे. एक जात एक कप्पा ही पद्धत चुकीची नाही. गोदामात दिवे असतात, प्रत्येक कप्प्याला नंबर असतो, शिडी असते, आणि सामान शोधणाऱ्या माणसाच्या काखेत रडणारं बाळ नसतं. गावच्या घरी कपाटात लावायला हीच पद्धत उत्तम. चालत्या गाडीत मात्र आपल्याला 'डायपर' ही वस्तू लागत नाही. आपल्यावर एक प्रसंग येतो आणि त्याला पाच जातींतली एकेक वस्तू एकाच क्षणी लागते. वहिनीनं ती पाच आधीच एकत्र आणली होती. दादानं त्यांना पुन्हा घरोघरी पाठवलं. आणि हे सगळं कुठे आहे याचा नकाशा सकाळी एका डोक्यात होता, तो दुपारी दुसऱ्या डोक्यात गेला. मोबाइलमधली वहिनीची यादी अजून सकाळचंच घर दाखवत होती.

आमच्या धंद्यात 'निकटचं कारण' म्हणतात, त्याचा एक खटला आम्हाला शिकवला जातो. १९१५ साली 'इकारिया' नावाच्या जहाजाला फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. जहाज बुडालं नाही. ते कसंबसं हाव्र बंदरात आणलं. तिथे वादळ सुरू झालं, जहाज धक्क्यावर आपटू लागलं, ते धक्क्यालाच बुडेल म्हणून बंदरवाल्यांनी त्याला बाहेरच्या बाजूला हलवलं, आणि तिथे भरती-ओहोटीत तळ टेकून टेकून शेवटी मोडून बुडालं. विमा कंपनी की जहाजमालक, नुकसान कोण सोसणार यासाठी प्रश्न असा, की जहाज वादळानं बुडालं की युद्धानं? १९१८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला: टॉर्पेडोनं. मधल्या काळात जहाज तरंगत होतं म्हणून ते वाचलं होतं असं होत नाही.

साडेतीनला वहिनी उठली तेव्हा चेन लागलेल्या बॅगा दारात ओळीनं उभ्या होत्या. "भरून झालं सगळं?" तिनं विचारलं. "एकदम फिट," दादा म्हणाला. दोघांच्याही जबाबात हे दोन शब्द सारखेच आहेत.

संध्याकाळी ७:१५ (उरले ९ तास)

इथून पुढे मी प्रत्यक्षदर्शी.

हापूसची पेटी उघडली होती. आठव्या महिन्यात थोडा आंबा चालतो, त्यावर कुणाचा आक्षेप नव्हता. आईनं फक्त एक चमचा रस चाटवला. बाबांनी फक्त एक. शेजारच्या काकू निरोप द्यायला आल्या, त्यांनी फक्त एक. त्यांच्या सूनबाईंनी एक. बाईसाहेब प्रत्येक चमच्याला तोंड असं काही उघडत होत्या की पाहणाऱ्याला वाटावं, या घरात पोरीला जेवू घालत नाहीत. मोजणारं कुणी नव्हतं, कारण प्रत्येकाचा चमचा एकच होता. वर दुपारची नाचणीची खीर होतीच, भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ केलेल्या सत्त्वाची. उत्तम अन्न. आतड्याला कामाला लावणारं.

रात्री ९:१५ (उरले ७ तास)

नवा डायपर. टॅक्सी दारात. बाळाच्या कार-सीटवरून थोडं झालं: दादाला ती नको होती, "गावाला कोण बघतंय" म्हणून. २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय किंवा बाळाच्या सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे, पण कुणी बघतंय म्हणून ती सीट घ्यायची नसतेच. कुडाळ स्टेशन ते गाव हा रस्ता मला माहीत आहे आणि असल्या रस्त्यांवरच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. मी वहिनीच्या बाजूनं बोलले. सीट आली. ती अवजड आहे आणि पुढे तिचा संबंध येतो, हेही नोंदवते.

रात्री ११:१५ (उरले ५ तास)

ठाणे. फलाटावर मेमधली सुट्टीची गर्दी, आंब्याच्या रिकाम्या पेट्या परत नेणारी माणसं, पायात मुलं.

बाबागाडी आणली होती. दांडा ओढला की मिटून काठीएवढी होणारी ही गाडी ओवेन मॅकलारेन या इंग्रजानं काढली, पेटंट १९६५ चं. मनुष्य विमानांचा अभियंता, स्पिटफायर विमानांच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला. उड्डाणानंतर चाकं पोटात कशी घ्यायची ते त्याला ठाऊक होतं, ठाण्याचा पूल ठाऊक नव्हता. गाडी दादाच्या खांद्यावर, बाळ वहिनीच्या पोटावर झोळीत, पर्स खांद्यावर. पर्स नेहमीपेक्षा जड लागली, असं वहिनीनं मला तिथेच सांगितलं. ती त्यावर खूश होती. पुडे जागेवर आहेत.

कोकणकन्या वेळेवर आली. ज्या रात्री पाऊण तास उशीर झाला असता तर फलाटावर बसून एकदा पर्स उघडली गेली असती, त्या रात्री गाडी वेळेवर येते.

डब्यात शिरल्यावर जे घडलं ते दोन मिनिटांत. सगळ्यांत पुढे करडी बॅग होती, म्हणून ती आधी आत गेली आणि बर्थखाली भिंतीपर्यंत सरकली. तिच्यापुढे निळी. तिच्यापुढे आडवी कार-सीट. मग बाबांनी सदऱ्याच्या खिशातून साखळी काढली. फलाटावर मिळते ती, प्लास्टिकच्या नळीतली, पितळी कुलपाची. त्यांचा काळ चोऱ्यांचा काळ, रात्री उशाखालून बॅग गेल्याच्या कथा त्यांना गावागणिक पाठ. गुडघ्यांवर बसून त्यांनी साखळी करड्या बॅगेच्या मुठीतून घेतली, मग तिच्या चेनच्या दोन्ही कड्यांतून, म्हणजे कुणाला नुसती चेन उघडून हात घालता येऊ नये, मग निळीतून तशीच, मग कार-सीटच्या पट्ट्यांतून, आणि बर्थखालच्या लोखंडी कडीला फिरवून कुलूप घातलं. दोनदा ओढून पाहिलं. काम इतकं चोख की मी मनात त्यांना शाबासकी दिली.

किल्ली त्यांनी जानव्याला बांधली. घरातली तिजोरीची किल्लीही तिथेच असते. मग "सांभाळा" म्हणाले आणि आतल्या आतून डबे ओलांडत स्लीपरकडे गेले. मधलं शटर तेव्हा उघडं होतं.

रात्री १२:४५ (उरले साडेतीन तास)

पनवेल गेलं. दिवे मालवले. वहिनी आणि बाळ खालच्या बर्थवर, समोर आई, मधल्यावर दादा, वर मी. बाजूच्या खालच्या बर्थवर सावंतवाडीला जाणाऱ्या एक काकू.

पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, आणि म्हणून त्याला जागाही नसते. दिवसा याचं काही वाटत नाही. रात्री दोन फुटांच्या बर्थवर आई कडेला आणि बाळ भिंतीला, आणि आईनं कूस बदलायची नाही, हा नियम. मे २०२२ मध्ये उत्तर रेल्वेनं लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडून बाळाची छोटी घडीची फळी लावून पाहिली होती, पट्ट्यासकट. मला ती कल्पना आवडली होती. ती आमच्या डब्यात नव्हती.

वहिनीनं अंधारात डायपर चाचपला. ओला, पण गच्च नाही. बदलायचा की झोपू द्यायचं? बदलायला पर्स उघडावी लागली असती, आणि साडेतीन तास आधी सगळं उघडकीला आलं असतं. बाबा अजून जागे असते, शटर अजून उघडं असतं. पण गाढ झोपलेल्या बाळाला ओल्या डायपरसाठी उठवत नाहीत, हे कुठलीही आई सांगेल. तिच्या हिशोबात उशाशी तीन पुडे होते. त्या हिशोबावर तिचा निर्णय बरोबर होता. तिनं पर्स उशाशी घेतली आणि डोळे मिटले.

पहाटे ३:१५ (उरला १ तास)

सगळे झोपलेले. एसी आणि स्लीपरमधलं शटर पलीकडून लागलेलं. स्लीपरमध्ये बाबांनी बॅटरी वाचवण्यासाठी मोबाइल बंद केला. आमरस पुढे सरकत होता.

पहाटे ४:१५

संगमेश्वर मागे पडलं, उक्षी गेलं आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब बोगदा. एसीच्या बंद काचांतूनही आवाज बदलतो, डबा आतून घुमायला लागतो. बाईसाहेब जाग्या झाल्या, दचकल्या आणि दचकून जोर केला.

मला आधी वास आला, मग रडं ऐकू आलं, मग वहिनीचा "अगं बाई" हा उद्गार. डायपर रात्री नऊपासूनचा होता, त्यात आता जागा नव्हती. जे आलं ते पाठीवरून वर गेलं आणि मांड्यांवरून खाली. झबलं, दुपटं, चादर, ब्लँकेटची कड, वहिनीचा कुर्ता. रंग हापूसचाच.

एका हातानं बाळाला उचलून धरत वहिनीनं दुसरा हात पर्समध्ये घातला. आधी मेणकापड लागायला हवं होतं. हाताला गार लागलं. तिनं ते बाहेर काढलं आणि मोबाइलच्या उजेडात पाहिलं. सहाण.

ती काही क्षण त्या सहाणेकडे नुसती पाहत राहिली. मग पुन्हा हात घातला. पॉवर बँक. थर्मामीटर. तिसऱ्यांदा हात घालताना कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि डब्यात पाऊस सुरू झाला. मुसळधार, पत्र्यावर पडतो तसा. समोरच्या वरच्या बर्थवरचे गृहस्थ उठून बसले आणि खिडकीकडे बघायला लागले.

"पुडे कुठे आहेत?" वहिनीनं मधल्या बर्थकडे बघून विचारलं. तिचा स्वर इतका शांत होता की मी खाली उतरायला लागले.

दादानं झोपेतूनही अचूक उत्तर दिलं. "डायपर करड्या बॅगेत, तळाला, व्हॅक्यूममध्ये. वाइप्स निळ्या बॅगेत, दुसरा कप्पा. झबली करड्याच बॅगेत, उजवीकडे."

तो खाली उतरला, वाकला आणि त्याच्या हाताला साखळी लागली. "किल्ली?"

"ह्यांच्या जानव्याला," आई म्हणाली.

बाबांचा फोन लागेना. आधी बोगदा, नंतर बंद. अटेंडंट बिचारा धावत आला, दोन जादा चादरी दिल्या, शटर मात्र त्याच्या हातात नव्हतं. बॅग फाडावी असं दादाच्या मनात आलं, तर सुरी त्याच बॅगेत होती, धारदार वस्तूंच्या कप्प्यात. डब्यात दुसरं लहान मूल नव्हतं. हे सगळं चालू असताना पावसाचं यंत्र बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

बाजूच्या काकू उठल्या. "काय झाला गो?" असं विचारून उत्तराची वाट न बघता त्यांनी आपली पाण्याची बाटली आणि पिशवीतला एक जुना मऊ पंचा पुढे केला. "आधी चेडवाक सुक्यात घे."

मग आई उठली. तिनं माझ्या गळ्यातली ओढणी ओढून घेतली, मला विचारलं नाही. सुती होती, बरीच धुतलेली. पंच्यानं पुसून झाल्यावर ओढणीची त्रिकोणी घडी, मग आणखी एक उलटी घडी, बाळ वर, तिन्ही टोकं पोटाशी. "पिन," ती म्हणाली, आणि काकूंनी बांगड्यांत अडकवलेल्या दोन सेफ्टी पिना काढून दिल्या. सगळं मिळून मिनिटभराचं काम. इतक्या वर्षांत लंगोट बांधला नसेल तिनं, पण बोटं थांबली नाहीत. बाईसाहेब गप्प झाल्या आणि आजीच्या नथीकडे हात न्यायला लागल्या. घाण कपडे चादरींच्या खाकी कागदी पाकिटात गेले.

वहिनी हे सगळं उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही, आईही नाही. सहाण अजून बर्थवरच होती. आईनं ती उचलून आपल्या उशाशी ठेवली.

रत्नागिरीला गाडी थांबली तसा दादा खाली उडी मारून स्लीपरच्या दिशेनं धावला. डबे बरेच दूर. बाबांचा डबा सापडला, खिडक्या अर्ध्या पडलेल्या, आत काळोख. त्यानं अंदाजानं एका खिडकीवर थापा मारल्या, "बाबा, किल्ली! किल्ली!" आतून दोन-तीन आवाज एकदम आले: "जागा नाही! रिझर्व्हेशनचा डबा आहे!" दाराला आतून कडी होती. शिट्टी झाली. तो परत धावत आला तेव्हा त्याच्या हातात एक पाण्याची बाटली आणि बिस्किटांचे दोन पुडे होते. पहाटेच्या त्या वेळी फलाटावर जे मिळालं ते त्यानं आणलं होतं. वहिनीनं बिस्किटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कुठल्या कप्प्यात ठेवू?" तिनं विचारलं.

सकाळी ६:२० (२ तास उलटून)

उजाडलं. बाईसाहेब माझ्या ओढणीत गुंडाळून झोपलेल्या. दादा मोबाइलवर पुढच्या थांब्याची वेळ बघत बसलेला. वहिनीचा फोन वाजला. बाबा उठले होते, तोंड धुतलं होतं, चहा घेतला होता, वारा छान लागत होता.

"सामान आहे ना गं जागेवर?" त्यांचा आवाज मलाही ऐकू आला.

"आहे बाबा," वहिनी म्हणाली. "हललंसुद्धा नाही."